शेवगा-तुळशीचा पाला वाळवायला रिकामी बेदाणा शेड वापरा

पाऊस उघडला की शेवग्याला कोवळा पाला भरभरून येतो, तुळस आणि पुदिनाही जोमात असतात. याच दिवसांत नाशिककडच्या निफाड-दिंडोरीतली बेदाणा शेडं, म्हणजे द्राक्षं सावलीत जाळ्यांवर वाळवायच्या शेडं, रिकामी पडून असतात. पाला तिथेच वाळवावा, उन्हात ताडपत्रीवर टाकू नये. उन्हाने शेवग्यातलं बीटा कॅरोटीन झपाट्याने घटतं, हिरवा रंगही उडतो. कॅल्शियम, लोह तेवढं टिकतं.

मात्र नुसत्या सावलीवर विसंबू नका. तोडलेल्या पानातली विकरं (एन्झाइम) पाणी असेपर्यंत काम करत राहतात आणि अर्क काढणाऱ्यांना हवी असलेली पॉलिफेनॉल्स खराब करतात. परतीचा पाऊस रेंगाळला तर दमट हवेत पाला दिवसेंदिवस ओलसर राहतो, काळा पडतो, बुरशी धरतो. म्हणून दव उडाल्यावर तोडणी करा, जाड देठ काढा, स्वच्छ पाण्याने धुऊन निथळा आणि जाळीवर अगदी पातळ थर द्या. हवा पडलेली असेल तर पंखे लावा.

ड्रायर असेल तर शेवग्याला ५० ते ५५ अंश सेल्सिअस ठीक. तुळस-पुदिन्याला ४० अंशांच्या वर नेऊ नका. त्यांचं सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींत असतं. शेडभर घमघमाट सुटला की तेल उडून चाललंय असं समजा आणि तापमान उतरवा. खरेदीदाराला तेल हवंय की पावडर, हे तोडणीआधीच विचारून घ्या.

बेदाण्याच्या जाळ्यांना डिपिंग ऑइल (वाळवण्याआधी द्राक्षं ज्या द्रावणात बुडवतात त्यातलं तेल) आणि गंधकाचा अंश चिकटलेला असतो. त्या धुवाच, वर स्वतंत्र स्वच्छ जाळी अंथरा.

सगळ्यात जास्त काळजी फवारणीची घ्या. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत फवारण्या सुरू होतात आणि बांधावरच्या शेवग्यावर औषध उडतं. ताज्या पाल्यात ७५ ते ८० टक्के पाणी असतं. वाळल्यावर साधारण चार किलोचा एक किलो होतो, पण औषधाचा अंश पाण्याबरोबर उडत नाही, तो त्या एका किलोत गोळा होतो. धुण्याने तो पूर्ण जाईल याची खात्री नाही. बागेला लागून असलेल्या झाडांचा पाला विक्रीसाठी घेऊच नका.

ओलावा १० टक्क्यांच्या आत आला, पान चुरचुरलं, की गार करून हवाबंद पिशवीत, अंधाऱ्या जागी ठेवा. दळायची घाई नको. अख्खं पान पावडरीपेक्षा जास्त टिकतं. मागणी आली की तेवढंच दळा.