फ्रिजच्या दारातल्या नळाला दिवसभर गार पाणी कसं ठेवावं

दारातल्या नळाला कोमट पाणी यायला लागलं की पहिला सल्ला ठरलेला असतो : थर्मोस्टॅट, म्हणजे थंडी कमी-जास्त करायचं बटण, जास्त थंडीवर न्या. हा सल्ला मी दोन उन्हाळे मानला. मागच्या बाजूच्या पालेभाज्या गोठून काळ्या पडल्या आणि पाणी होतं तसंच राहिलं. त्यामुळे आधीच सांगते, त्या बटणाला हात लावू नका.

आपलं पाणी येतं कुठून, हे अगोदर बघून घ्या. काही फ्रिजांत दाराच्या आतल्या बाजूला हाताने भरायची टाकी असते. काहींना मागून नळाची जोडणी असते, पाणी फिल्टरमधून आतल्या छोट्या टाकीत किंवा गुंडाळलेल्या नळीत साठतं आणि तिथून दारात येतं. हा आतला साठा बहुतेक वेळा लिटर-दीड लिटरचाच असतो.

फ्रिज खरंच पुरेसा गार आहे का, हेही तपासा. मधल्या कप्प्यात पेलाभर पाण्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर ठेवा. सकाळी 3 ते 5 अंश सेल्सिअस दिसलं तर फ्रिज ठणठणीत आहे. जास्त दिसलं तर दाराचं रबर पुसा, मागची जाळी झाडा, हवेच्या झरोक्यासमोरचे डबे हलवा.

टाकी हाताने भरायची असेल आणि फ्रिज ठीक असूनही पाणी कोमट येत असेल तर चूक बहुतेक टाकी भरण्यात असते. मी सगळ्यात जास्त अडखळले ते इथेच.

फ्रिजमध्ये थंडी कमी नसते. ती पाण्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. टाकीभोवती हवा असते, टाकी प्लास्टिकची असते आणि हवा न् प्लास्टिक दोन्हींतून उष्णता अगदी सावकाश जाते. त्यातून ही टाकी दारात, म्हणजे फ्रिजमधल्या सगळ्यात उबदार जागी. दार उघडलं की तीही दाराबरोबर बाहेर येते. 30 अंशांचं पाणी भरून तासाभरात ते गार होईल, ही अपेक्षा सोडून द्या. पाच-सहा तास तरी धराच.

आता हिशेब बघा. टाकी 3 लिटरची आहे, पाणी 5 अंशांवर आहे. तुम्ही 2 लिटर संपू दिलंत आणि मग 30 अंशांचं 2 लिटर ओतलंत, तर टाकीतलं सगळं पाणी 22 अंशांच्या आसपास जातं. उरलेलं एक लिटर गार पाणीही वाया गेलं. तेच अर्धा लिटर कमी झाल्यावर अर्धा लिटर घातलंत, तर पाणी 9 अंशांच्या आसपास राहतं. प्यायला ते गारच लागतं आणि पुढच्या काही तासांत पुन्हा खाली उतरतं. म्हणून “टाकी पूर्ण रिकामी झाल्यावरच भरा” हा सल्ला मला अजिबात पटत नाही. धुवायला म्हणून आठवड्यातून एकदा रिकामी करा, तीही रात्री. एरवी टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका.

घरात माणसं जास्त असतील तर थोडं थोडं भरणंही पुरत नाही. मग लिटर-लिटरच्या दोन बाटल्या मागच्या भिंतीजवळ आडव्या ठेवा आणि टाकीत फक्त त्यांतलंच पाणी ओता. बाटली रिकामी झाली की लगेच भरून पुन्हा मागे. नळाचं पाणी थेट टाकीत घालायचंच नाही, हा नियम मी घरात सगळ्यांना लावला आणि त्या दिवसापासून तक्रार बंद झाली. पूर्ण टाकी भरायची ती झोपण्याआधी, कारण रात्री दार उघडत नाही. उकळलेलं पाणी आधी बाहेर निववून घ्या.

बर्फ टाकीत घालू नका, तुकडा झडपेत अडकतो. घाईच असेल तर पाण्याच्या जगमध्ये घाला : 2 लिटर पाणी 30 अंशांवरून 15 च्या आसपास आणायला 300 ग्रॅम बर्फ पुरतो, कारण वितळताना तो खूप उष्णता शोषतो.

नळजोडणीच्या फ्रिजात दोष कुठे आहे ते पाणीच सांगतं. पहिले घोट कोमट आणि मग गार, तर दारातल्या नळीत थांबलेलं पाणी तापलंय. बारीक नळीत मीटरमागे 15 मिलिलिटरच्या आसपासच पाणी मावतं, त्यामुळे “पहिला ग्लास ओतून द्या” हे मला पाण्याची नासाडी वाटते. दोन-तीन घोट झाडाला घाला, बास. आधी गार आणि तिसऱ्या-चौथ्या ग्लासापासून कोमट आलं, तर आतला साठा संपला, आता थांबायला हवं. पाहुणे यायचे असतील तर आदल्या रात्रीच गार पाणी जगमध्ये काढून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळपर्यंत साठाही पुन्हा गार होतो. फिल्टर बदलल्यावर बरंच पाणी सोडावं लागतं, म्हणून ते कामही रात्रीच करा. आणि पाणी यायचंच थांबलं, तर नळी गोठली असण्याची शक्यता मोठी आहे. फ्रीझर उणे 18 पेक्षा खाली नेल्याने असं होतं, विशेषतः नळ फ्रीझरच्या दारात असेल तर.

टाकीसमोरच्या फळीवर डबे दाटीने लावू नका. बऱ्याच फ्रिजांत आतला साठा भाजीच्या खणामागे असतो, तिथेही हवेला वाट हवी.

एवढं करूनही पाणी गार लागत नसेल तर पेला बघा. 300 ग्रॅमचा जाड काचेचा पेला खोलीत 30 अंशांवर असेल, तर त्यात ओतलेलं 5 अंशांचं पाव लिटर पाणी 10 अंशांपर्यंत चढतं. पातळ स्टीलच्या पेल्यात ते जेमतेम एखादा अंश चढतं. मी रोजच्या वापरातले दोन पेले आता फ्रिजमध्येच ठेवते.