कळलावीचा कंद जपताना
दुर्मीळ फुलझाडांचे कंद बहुधा दगावतात ते पाने वाळून सुप्तावस्था सुरू झाल्यावरही काळजीपोटी घातल्या जाणाऱ्या पाण्याने, म्हणून पाने आपोआप सुकू द्यावीत आणि त्यानंतर कुंडी आडोशाला कोरडी ठेवावी. कळलावीचा दोन फाट्यांचा कंद उकरताना तर फारच जपावे, कारण कोंब फाट्याच्या टोकालाच येतो आणि ते टोक मोडले, की उरलेला भाग कितीही टपोरा दिसला तरी सहसा फुटत नाही. लावताना कंद आडवा ठेवून त्यावर ५ ते ८ सेंटीमीटर भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी माती घालावी. वेल पानांच्या टोकांनी आधार धरत चढते, त्यामुळे जवळ बारीक काठ्या रोवाव्यात. हा कंद अतिशय विषारी असल्याने हातमोजे घालावेत आणि मुलांपासून तो दूरच ठेवावा.