घरातल्या 'सरदारा'चा माग कसा काढायचा

माझं माहेर खटाव तालुक्यातलं, सासर तासगावचं. दोन्ही घरांत कथा एकच: पूर्वज साताऱ्याच्या महाराजांचे सरदार, सात गावं इनाम, इंग्रजांनी सगळं काढून घेतलं आणि ताम्रपट वाड्याच्या आगीत गेला. तुमच्याकडेही असं काही सांगत असतील तर हसण्यावारी नेऊ नका, पण लगेच पुण्याला पेशवे दफ्तराकडेही धावू नका. शोध खालून वर न्यायचा. आधी माणूस सापडू दे, मग त्याचं पद.

सुरुवात म्हाताऱ्या माणसांपासून. प्रत्येकाकडे वेगवेगळं बसा. चौघांना एकत्र बसवलंत की मोठ्या आवाजाच्या काकांची कथा सगळ्यांची होते. लग्न होऊन बाहेर गेलेल्या आत्यांना आधी गाठा, त्यांच्याकडे जुनं बोलणं तसंच राहिलेलं असतं. पदव्या बाजूला ठेवून शेतांची, विहिरींची, देवांची नावं टिपून घ्या. माझी आत्या एका शेताला 'पागेचा माळ' म्हणायची; पागा म्हणजे घोड्यांचा तबेला. सरदारकीच्या साऱ्या वर्णनांपेक्षा हे एक नाव कामाला आलं.

मग गाव पूर्वी कोणाच्या अमलात होतं ते पाहा, कारण कागद कुठे मिळणार हे त्यावर ठरतं. आटपाडी औंध संस्थानात, जत डफळे संस्थानिकांकडे, तासगाव-वाळवा इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. सांगली जिल्हा 1949 साली 'दक्षिण सातारा' म्हणून झाला आणि 1960 मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. त्यामुळे तासगाव-वाळव्याकडच्या सांगलीकरांनीही जुन्या कागदात 'जिल्हा सातारा' शोधायचं.

तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करताना आजच्या गट नंबरासोबत जुना सर्व्हे नंबरही लिहा. जुने फेरफार म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, दुमाला (सारा माफ किंवा कमी असलेल्या) जमिनींची नोंदवही म्हणजे गाव नमुना 3, आणि लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ती जन्म-मृत्यूची नोंदवही, एवढं मागा. इनामाचा वर्ग नीट बघा: 1 म्हणजे सरंजाम (लष्करी चाकरीसाठी दिलेला), 2 जात इनाम (जातीचं नव्हे, त्या माणसाला स्वतःला दिलेलं), 3 देवस्थान, 6ब महार-रामोशी वतन. जात इनामं 1952 च्या कायद्याने गेली. त्यानंतरचा फेरफार सापडला तर शेवटच्या इनामदाराचं नाव हाती लागतं. पागेच्या माळावर वर्ग 2 होता. एकच शेत, पण खरं.

आता हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारा. आमच्या भागात सुगीनंतर बैल घेऊन येणाऱ्या हेळव्याला अजून ओळखतात. पिढ्यान्पिढ्या ठरलेली घरं असतात त्याची. तो अंगणात बसतो, चोपडा उघडतो आणि एका दमात मूळ पुरुषापासून तुमच्या बापापर्यंत वंश वाचतो. मूळ गाव कोणतं, तिथून का उठलो, देव कोणता, सगळं त्यात येतं. मध्येच प्रश्न विचारू नका, लय तुटते. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, आधी विचारून. धान्य-कपडा-पैसे मान ठेवून द्या, ही त्याची विद्या आहे. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या, यात्रेकरूंची घराणी लिहिलेल्या वह्यांशी ती नावं ताडून बघा. दोन्हीकडे जुळलेलं नाव पक्कं धरायला हरकत नाही.

आडनावावर मात्र विसंबू नका. कुणाला गावावरून आडनाव मिळालं, कुणाला वतनावरून. गाव, देवक आणि कुलदैवत तिन्ही जुळल्याशिवाय कुठल्या नामांकित घराण्याशी नातं जोडू नये.

एवढं हाती आल्यावर पुणे पुराभिलेखागार, पेशवे दफ्तर तिथेच आहे. सातारा राज्य 1848 मध्ये खालसा झालं, 1852 पासून इंग्रजांच्या इनाम कमिशनने इनामांच्या सनदा तपासल्या; 'इंग्रजांनी काढून घेतलं' याचं मूळ बहुधा तिथे असतं. कमिशनपुढे लोकांनी दिलेल्या कैफियतींत, म्हणजे लेखी निवेदनांत, वंशावळीही मिळतात. कागद मोडी लिपीत, रुमालात बांधलेले. मोडीत आधी सलग रेघ ओढून अक्षरं खाली लटकवलेली असतात, शब्द तुटत नाहीत, म्हणून पहिल्यांदा जाणकार वाचक सोबत न्या. तारीख तेवढी स्वतः शिका: 'इहिदे अशरीन मयातैन व अलफ' म्हणजे एक, वीस, दोनशे, हजार, असा अरबी आकड्यांत लिहिलेला सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली कालगणना) 1221. त्यात 599 मिळवले की 1820, जानेवारी ते मे असेल तर 600.

आमचा पूर्वज बारगीर निघाला. शिलेदाराचं घोडं स्वतःचं, बारगिराचं सरकारचं. काका दोन दिवस बोलले नाहीत. पण सात गावांच्या त्या सरदाराला नावच नव्हतं. या बारगिराला नाव आहे, बापाचं नाव आहे, शेत आहे. मला तो जास्त जवळचा वाटतो.

कागदांच्या प्रती सगळ्या भाऊबंदांकडे ठेवा. आणि पुढच्या सुगीला हेळवी आला की घरातल्या लेकींची नावंही चोपड्यात लिहायला सांगा. जास्त पैसे मागेल. द्या.