परदेशी एमबीए: रँकिंगआधी प्लेसमेंट रिपोर्ट उघडा

जळगाव-धुळ्याकडची बरीच मुलं परदेशी एमबीएसाठी रँकिंगची यादी वरून खाली उतरत अर्ज करतात. त्याआधी प्रत्येक कॉलेजचा एम्प्लॉयमेंट रिपोर्ट उघडा. सरासरी पगारावर थांबू नका. अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांच्या रिपोर्टात कायम कामाचा परवाना असलेले आणि नसलेले असे दोन वेगळे आकडे असतात. आपला आकडा दुसरा.

तिथे शिक्षणानंतर ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावर मिळणाऱ्या कामाच्या तात्पुरत्या परवान्यावर) 12 महिने काम करता येतं, कोर्स स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर आणखी 24 महिने. एच-1बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत पहिल्या खेपेला नाव नाही लागलं, तर हाच वाढीव काळ हाताशी राहतो. म्हणून दोन कॉलेजं तोडीस तोड असतील, तर स्टेमवालंच धरा, असं मी ठामपणे सांगेन.

घरची डाळ मिल किंवा केळीची निर्यात सांभाळायला परतायचं असेल, तर गणितच वेगळं. मग फ्रान्समधल्या इन्सीड या बिझनेस स्कूलसारखा 10 महिन्यांचा कोर्सही बघा. दोन वर्षांच्या कोर्सच्या मानाने नोकरी-धंद्यापासून दूर राहण्याचा काळ निम्म्यावर येतो. कर्जाचा हप्ता मात्र रुपयातल्या कमाईवर मांडा.

यादी पक्की करण्याआधी तिथे शिकलेल्या दोघा-तिघा भारतीयांना एवढंच विचारा: तुमच्या बॅचला व्हिसा स्पॉन्सर करणाऱ्या कंपन्या कोणत्या होत्या?