सो दॅट, इन ऑर्डर टू, फॉर... इंग्रजीत हेतू आणि परिणाम सांगताना या चुका टाळा

इंग्रजीत "कशासाठी केलं" आणि "त्यामुळे काय झालं" हे सांगायची वेळ आली की भलेभले अडकतात आणि याचं मोठं कारण म्हणजे आपलं 'म्हणून'. पास व्हावं म्हणून अभ्यास केला, अभ्यास केला म्हणून पास झालो, दोन्हीकडे 'म्हणून' चालतं. पण पहिल्यात हेतू आहे, दुसऱ्यात परिणाम, आणि इंग्रजीत दोघांची रचना वेगळी. म्हणून आधी तेवढं ठरवा, मग वाक्य सुरू करा.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे 'आय केम हिअर फॉर लर्निंग इंग्लिश'. डोक्यात 'शिकण्यासाठी' असतं, त्यातल्या 'साठी'चं सरळ फॉर होतं. कोणी काही करायला आलं, गेलं, थांबलं तर नुसतं टू लावा, 'आय केम हिअर टू लर्न इंग्लिश'. 'फॉर टू लर्न' तर अजिबात नको. फॉर आणि पुढे आयएनजी हे वस्तूचा उपयोग सांगताना बसतं, 'धिस नाइफ इज फॉर कटिंग ब्रेड'.

आता सो दॅट, इथे खरा गोंधळ आहे. 'आय स्पोक स्लोली सो दॅट एव्हरीवन कुड फॉलो' म्हणजे सगळ्यांना कळावं म्हणून हळू बोललो. 'आय स्पोक सो स्लोली दॅट दे गॉट बोअर्ड' म्हणजे इतकं हळू बोललो की ते कंटाळले. सो आणि दॅट एकत्र की मधे शब्द, एवढ्यावर अर्थ फिरतो! आणि पहिलं क्रियापद भूतकाळात असेल तर पुढे कॅन, विल नाही, कुड किंवा वुड घ्या. 'इतका दमलो की' साठी 'व्हेरी टायर्ड दॅट' पण चुकीचं, 'सो टायर्ड दॅट' पाहिजे.

"ट्रेन चुकू नये म्हणून" असं नकारार्थी असेल तर 'आय लेफ्ट अर्ली नॉट टू मिस द ट्रेन' कानाला खटकतं, 'सो अ‍ॅज नॉट टू मिस' म्हणा. लेस्ट (म्हणजे 'होऊ नये म्हणून') वापरलंत तर त्यात 'नये' आधीच आहे, परत नॉट घालू नका.

ऑफिसच्या मेलमध्ये 'विथ अ व्ह्यू टू इम्प्रूव्ह' (सुधारण्याच्या हेतूने) सर्रास दिसतं, तिथे इम्प्रूव्हिंग हवं. रिझल्ट इनच्या पुढे परिणाम येतो, रिझल्ट फ्रॉमच्या पुढे कारण. आणि इन ऑर्डर टू चूक नाही, पण प्रत्येक वाक्यात कशाला, बहुतेक वेळा साधं टू पुरतं.