सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी टर्बो गाडी: या चुका टाळा

टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) असलेली गाडी दारात आली की कुणीतरी हमखास सांगतं, "ते 'ए'वालं बटण आधी बंद कर, नाहीतर टर्बो जाईल." हे बटण स्टॉप-स्टार्टचं, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या यंत्रणेचं. सांगणारा काळजीपोटी सांगतो आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पण नुकसान बहुधा त्या बटणामुळे होत नाही. ते होतं चुकीच्या बॅटरीमुळे, चुकीच्या ऑइलमुळे आणि घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद करण्याच्या सवयीमुळे.

सिग्नलचा स्टार्ट आणि सकाळचा स्टार्ट एकच समजणं

क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, फिरत असताना तो बेअरिंगला टेकत नाही. मध्ये ऑइलचा पातळ थर असतो आणि शाफ्ट त्यावर तरंगतो. इंजिन थांबलं की तो थर दबतो, आणि पुन्हा सेल्फ लागल्यावर पहिल्या काही फेऱ्यांत धातू धातूला घासू शकतो. भीतीचं मूळ इथे आहे.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत बरंचसं ऑइल खाली संपमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) उतरलेलं असतं, थंड आणि घट्ट असतं. खरी झीज त्या पहिल्या स्टार्टला होते. सिग्नलवर 40 सेकंद थांबलेल्या गरम इंजिनात ऑइल जागच्या जागी असतं, पातळ असतं आणि प्रेशर चटकन तयार होतं. शिवाय इंजिन पुरेसं गरम होईपर्यंत ही यंत्रणा इंजिन बंद करतच नाही.

स्टार्टची संख्या मात्र कितीतरी पटींनी वाढते, हे खरं आहे. म्हणून कंपन्या अशा इंजिनांत अनेकदा पॉलिमरचा लेप दिलेली बेअरिंग वापरतात आणि सेल्फही वेगळा देतात. साधा सेल्फ साधारण 50,000 स्टार्टसाठी बनवलेला असतो, स्टॉप-स्टार्टवाला अडीच ते तीन लाखांसाठी. म्हणूनच ज्या जुन्या गाडीत ही सोय नाही, ती प्रत्येक छोट्या सिग्नलला किल्लीने बंद करू नका. लांबलचक सिग्नलला किंवा रेल्वे फाटकात जरूर करा. पण उतारावर गाडी घरंगळत असताना कधीही नको: ब्रेकची आणि स्टीअरिंगची मदत जाते, स्टीअरिंग लॉक होऊ शकतं आणि एअरबॅगही बंद पडतात.

घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद करणं

टर्बोची काळजी करायची ती इथे. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे फिरू शकतो, आणि पेट्रोल इंजिनात पूर्ण लोडवर त्याच्या टर्बाइनवर (धुराने फिरणाऱ्या चाकावर) येणारा धूर 950 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो. शाफ्टची बेअरिंग ऑइलवर चालतात आणि त्याच ऑइलने गारही होतात. इंजिन बंद झालं की ऑइलचा प्रवाह थांबतो. गॅस बंद केला तरी तवा तापलेलाच राहतो, तशी टर्बाइनच्या घरातली उष्णता बेअरिंगकडे सरकते. तिथे अडकलेलं ऑइल करपून त्याचा कार्बन होतो. हा कार्बन हळूहळू ऑइलची वाट अरुंद करतो आणि मग टर्बो ऑइलविना घासू लागतो.

आता शहरातला सिग्नल आठवा. पिवळा दिवा दिसल्यावर तुम्ही ॲक्सिलरेटर सोडता, ब्रेक लावता, रांगेत सरकता. थांबेपर्यंत टर्बोवर लोड उरलेला नसतो. आजच्या बऱ्याच टर्बो पेट्रोल गाड्यांत टर्बोभोवती कूलंट फिरतं आणि इंजिन बंद झाल्यावरही विजेवर चालणारा छोटा पंप ते फिरवत राहतो. गाडी लावल्यावर बॉनेटखालून पंप किंवा फॅनचा आवाज येत राहिला तर तो बिघाड नाही. त्याला त्याचं काम करू द्या, लगेच बॅटरीची वायर काढू नका.

पण भर उन्हात, पाच माणसं आणि सामान घेऊन कसारा घाट चढलात आणि इगतपुरीत चहासाठी लगेच गाडी वळवलीत, तर गोष्ट वेगळी. गाडी थांबताच यंत्रणा इंजिन बंद करते, तुम्ही "झालंच बंद" म्हणून किल्ली फिरवता आणि टर्बोला गार व्हायला क्षणही मिळत नाही. काही गाड्या अशा वेळी स्वतःहून इंजिन चालू ठेवतात, सगळ्या नाही. तेव्हा घाट संपला की शेवटचे एक-दोन किलोमीटर सावकाश चालवा, थांबण्याआधी स्टॉप-स्टार्टचं बटण बंद करा आणि इंजिन 30 सेकंद ते एक मिनिट नुसतं चालू ठेवा. गाडीच्या पुस्तिकेत याहून वेगळा वेळ दिला असेल तर तो पाळा. घरून भाजी आणायला जाऊन आल्यावर मात्र पाच मिनिटं इंजिन चालू ठेवण्यात काही अर्थ नाही, आणि किल्ली काढल्यावरही इंजिन थोडा वेळ चालू ठेवणारा 'टर्बो टायमर' बाहेरून बसवून वायरिंग कापण्यात तर मुळीच नाही.

1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत आणखी एक गोष्ट बघा. डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली) काजळी जाळण्याचं काम चालू असताना स्टॉप-स्टार्ट सहसा बंद राहतं. आयडलिंग (गाडी उभी असतानाचे इंजिनचे फेरे) नेहमीपेक्षा वर आहे, फॅन जोरात आहे आणि सिग्नलला इंजिन थांबत नाही, अशी तीन लक्षणं एकत्र दिसली तर शक्य असल्यास थोडं पुढे चालवत राहा. दर वेळी मध्येच किल्ली फिरवली तर काजळी साठते आणि न जळालेलं डिझेल ऑइलमध्ये मिसळून ते पातळ करतं. ते पातळ ऑइल टर्बोकडेही जातं.

"हीच टाका साहेब, स्वस्तात होईल"

बॅटरीच्या दुकानात हे वाक्य ऐकाल. मापात बसते म्हणून साधी बॅटरी टाकू नका. स्टॉप-स्टार्ट गाडीला ईएफबी किंवा एजीएम ही वारंवार चार्ज-डिस्चार्ज सहन करणारी खास बॅटरी लागते, कारण दर सिग्नलला दिवे, पंखा आणि म्युझिक बॅटरीवर चालतात आणि लगेच सेल्फही लागतो. शिवाय अशा बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा भाग) बॅटरी मुद्दाम पूर्ण भरत नाही. ब्रेक लावताना मिळणारी वीज साठवायला जागा ठेवतो. कायम अर्धवट चार्ज राहणाऱ्या साध्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट साचतं आणि ती लवकर मान टाकते. जुनी एजीएम असेल तर नवीही एजीएमच घ्या. काही गाड्यांत बॅटरी बदलल्याची नोंद स्कॅनर लावून करावी लागते, ते आधी विचारून घ्या.

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल जवळून बघा. बऱ्याच गाड्यांत क्लॅम्पलाच चिकटलेला, बारीक वायर आलेला काळा डबीसारखा सेन्सर दिसेल. किती करंट आत गेला आणि किती बाहेर आला याचा हिशोब तो ठेवतो. ॲम्प्लिफायर, जादा दिवे किंवा डॅशकॅम बसवताना त्यांची अर्थ वायर थेट निगेटिव्ह टर्मिनलला जोडली तर तेवढा करंट सेन्सरला दिसत नाही. गाडीला वाटतं बॅटरी भरलेली आहे, आणि एक दिवस सकाळी नुसतं 'टक टक' वाजतं. अर्थ बॉडीवरच्या बोल्टला द्या. जम्पर केबलची काळी क्लिपही तिथेच लावा. स्टॉप-स्टार्ट कायमचं बंद करायला याच सेन्सरचा प्लग काढून ठेवायचा 'जुगाड' कुणी सुचवला तर नाही म्हणा. त्याने चार्जिंगचा सगळा ताळमेळ जातो.

पातळ ऑइल नको म्हणून जाड ऑइल

0डब्ल्यू-20 ही पातळ ऑइलची ग्रेड सांगितलेल्या इंजिनात "आपल्याकडे ऊन फार" म्हणून जाड 20डब्ल्यू-50 ओतलं, तर ते टर्बोच्या बारीक वाटेतून पोहोचायला वेळ घेतं, सकाळी तर जास्तच. पुस्तिकेत लिहिलेली ग्रेड आणि दर्जा, दोन्ही जुळायला हवेत. तुम्ही रोज शहरातच अडकत असाल तर किलोमीटर भरायची वाट न बघता महिन्यांच्या हिशोबाने ऑइल बदला. सिग्नलला थांबलेलं इंजिन किलोमीटर मोजत नाही, पण ऑइलचं वय वाढतच असतं.

यंत्रणा चालतच नाही, मग?

लगेच पार्ट बदलायला जाऊ नका. मॅन्युअल गाडीत पहिला गिअर टाकून क्लच दाबून थांबायची आपली सवय असते. तशात इंजिन बंद होतच नाही. न्यूट्रल करा, क्लच सोडा, मग बघा. सीटबेल्ट, नीट न बसलेलं बॉनेट आणि एसीची मागणीही पाहा. नागपूरच्या मे महिन्यात यंत्रणा जवळजवळ झोपलेलीच असेल, आणि काचेवरचं धुकं घालवायला डिफॉगर लावला असेल तरी बहुधा चालणार नाही. यांपैकी काहीच नसेल तर बॅटरी तपासा. रोज चार-पाच किलोमीटरच धावणाऱ्या गाडीत बॅटरी खालावल्याचा पहिला इशारा अनेकदा हाच असतो.

दोन-तीन सेकंदांत पुन्हा सरकणाऱ्या रांगेत मात्र बटण खुशाल बंद ठेवा. साधारण दहा सेकंदांहून जास्त थांबलात तरच इंधन वाचतं.

इंजिन आपोआप थांबलेलं असताना गाडी शांत असली तरी ती चालू आहे, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. हँडब्रेक लावून इग्निशन बंद केल्याशिवाय उतरू नका आणि बॉनेट उघडून पट्ट्याजवळ हात घालू नका.

पुन्हा चालू होताना झटका वाढला असेल तर आधी इंजिन माउंटिंग आणि बेल्टचा टेन्शनर (बेल्टचा ताण राखणारा भाग) बघायला सांगा. बेल्टवरच्या मोटरने इंजिन चालू करणाऱ्या माइल्ड हायब्रिड गाडीत बेल्ट कंपनीने सांगितलेलाच हवा. ऑइलची पातळी उतरतेय, निळा धूर येतोय आणि शिट्टीचा आवाज बदललाय, असं एकत्र दिसलं तर टर्बो उघडण्याआधी त्याची ऑइल येण्याची आणि परत जाण्याची पाइप तपासून घ्या. ती तुंबलेली राहिली तर नवा टर्बोही फार दिवस जगत नाही.