कुबडी, लेक आणि ठाण्याची लोकल

ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जायचं असेल तर गाडी इथूनच सुटते, हे आपल्या फायद्याचं. ९-१० नंबरवर ती थोडा वेळ उभी असते. आधी डबा रिकामा होऊ द्या. मी पहिल्यांदा लेकीला आत चढवते, कुबडी तिच्या हातात देते, मग दांडा धरून स्वतः चढते. उलट केलं तर पोर फलाटावर एकटी आणि माझा जीव टांगणीला! दिव्यांगांचा डबा येतो तिथे फलाटावर बीप वाजत असतो; लेक तो 'टूं टूं' ऐकत पुढे पळते. ५ वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. आपलं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मात्र गळ्यात लटकवा. दोन्ही हात अडकलेले असताना पर्स कोण उपसणार?